झालेलं काम

“गुरुजी, आपल्या शाळंच्या नळाला पानी आलं व्हय?” महानंदानं विचारलं तेव्हा शिवयोगी गुरुजींचा चष्मा कपाळावर होता, आणि समोरचा छापील कागद त्यांना नुसत्या करड्या ओळींसारखा दिसत होता. ती लालसाबच्या छापखान्यात भिंतीला टेकून मांडी घालून बसली होती. डावीकडे छापून झालेल्या कागदांची चवड, उजवीकडे घड्या घातलेल्यांची, हातात एक लाकडी पट्टी. एक घडी, तिच्यावरून पट्टी, दुसरी घडी, पुन्हा पट्टी. प्रश्न विचारतानाही हात थांबले नव्हते. तेरा वर्षांची असेल आता. गुरुजींच्या नजरेपुढं ती अजून चौथीच्या वर्गातच होती, खिडकीकडच्या रांगेत दुसरी, पाटीवर पुढं वाकलेली. चष्मा खाली ओढायला त्यांना उगाच वेळ लागला. “कुठं वाचलंस?” त्यांनी विचारलं. “हितं की. चौदा नंबर,” ती म्हणाली, आणि घडी उलगडून, ओळीखाली बोट ठेवून तिनं मोठ्यानं वाचलं, “चुनाभट्टी गल्लीतील प्राथमिक शाळेस नळजोड देण्यात आला असून, विद्यार्थ्यांच्या व परिसरातील नागरिकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न कायमचा सुटला आहे.” स्वल्पविरामाशी ती बरोबर थांबली. पूर्णविरामाशी आवाज खाली ठेवला. शाळा सुटून तीन वर्षं होत आली होती, तरी त्यांनी शिकवलेलं वाचन तिच्या जिभेवर तसंच होतं, आणि ते ऐकून गुरुजींना क्षणभर बरंच वाटलं. मग वाक्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला. “तुमीच लिवलंय म्हनं हे पुस्तक,” महानंदा म्हणाली. गुरुजींनी मान हलवली. पुस्तक आपण लिहिलं एवढ्याचपुरती ती मान होती, पण ती पोरीनं पाण्यालाही लावून घेतली, हे तिच्या तोंडाकडं बघताच त्यांना कळलं. आता बोलायला हवं होतं. तेवढ्यात लालसाब आतून बशीतला चहा फुंकत आला, “गुरुजी, तुमच्या मजकुरात एक चूक सापडंना बघा, कंपोझिटर नाराज हाय,” म्हणाला आणि हसला. गुरुजी हसले. महानंदा पुढची घडी घालत स्वतःशीच म्हणाली, “आईला सांगते. धाकट्या दाक्षीला शाळंत घालाय अडून बसलीया, पान्याला कोन जाईल म्हनून.”

छापखान्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी नेहमीचा रस्ता सोडला. नेहमीचा रस्ता शाळेवरून जात होता. दुसऱ्या बाजूच्या गल्लीत घराघरांतून यंत्रमाग खडखडत होते आणि त्या आवाजात माणसाला स्वतःचा विचार नीट ऐकू येत नाही, हे आज त्यांना सोयीचं होतं. पण वाक्य काही जाईना. ‘कायमचा सुटला आहे.’ ‘कायमचा’ हा शब्द त्यांनी घातला होता. पालिकेतून आलेल्या यादीत फक्त ‘नळजोड : पूर्ण’ एवढंच होतं. नागरी सेवा आघाडीचा धोंडीराम ती यादी घेऊन महिन्यापूर्वी घरी आला होता. हा धोंडीराम त्यांचाच विद्यार्थी, आता वॉर्डाचा नगरसेवक आणि आघाडीचा चिटणीस. निवडणूक तोंडावर आली होती. “गुरुजी, पाच वर्षांत आमी केलेली कामं आणि पुढच्या पाच वर्षांत करायची कामं, असं एक पुस्तक काढायचं हाय,” तो म्हणाला होता. “आमचं लिहिणं म्हंजे पंचनामा. तुमच्या हातचं मराठी पायजे. लोकं वाचतील, विश्वास ठेवतील.” निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. सकाळी उठून काय करायचं हा प्रश्न रोज नव्यानं पडत होता. गुरुजींनी ताव आखून घेतले. गटारं, दिवे, दवाखाना, पायखाने, रस्त्याचे खड्डे, एकेका कोरड्या नोंदीला त्यांनी कर्ता दिला, क्रियापद दिलं, उभं केलं. मुलांना निबंध शिकवताना ते म्हणत, वाक्याला पाय हवेत, नाहीतर ते वाचणाऱ्याच्या घरापर्यंत जात नाही. चौदाव्या नोंदीला यादीबरोबर एक जुना कागद टाचलेला होता. मुख्याध्यापकाचा दाखला. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या कागदाकडं बघून पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते एवढंच, की चार वर्षांपूर्वी आपला हात किती स्थिर होता.

नळ बसला तो दिवस दिवाळीनंतरचा होता. शाळेच्या दर्शनी भिंतीत नवी पितळी तोटी, तिला झेंडूची माळ, समोर सतरंजी, आणि भिंतीच्या मागच्या बाजूला पाण्याचा टँकर, ज्याच्या तोंडाची रबरी नळी भिंतीतल्या पाइपात खुपसून वरून पोतं गुंडाळलेलं. मोठी वाहिनी अजून दोन गल्ल्या पलीकडं थांबली होती. धोंडीरामनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “आठ दिवसांत येती गुरुजी. पण काम पुरं झाल्याचा कागद आजच गेला पायजे. न्हायतर मंजुरी जाती.” आठ दिवस. त्यांनी टाळ्या वाजवायला मुलांना आधीच दोन दिवस शिकवलं होतं, सगळ्यांच्या टाळ्या एकदम थांबल्या पाहिजेत म्हणून. पहिला पेला कुणाच्या हातात द्यायचा, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी वर्गाकडं बघितलं आणि महानंदाला पुढं बोलावलं. तिचं वाचन चांगलं होतं, वेणी नीट असायची. फोटोवाल्यानं तिला पेला तोंडाला लावून तसंच थांबायला सांगितलं. ती थांबली. नंतर वर्गात आल्यावर हळूच म्हणाली होती, “गुरुजी, पानी गरम हाय. रबराचा वास मारतोय.” ते म्हणाले होते, “नवीन नळाला पहिल्या दिवशी येतो तसा.” दुपारी ऑफिसात बसून त्यांनी दाखला लिहिला. शाळेस नळजोड मिळाला असून नळास पाणी सुरू झाले आहे. खाली सही. मागच्या बाजूनं टँकर निघून गेल्याचा आवाज आला तेव्हा शाई अजून ओली होती.

आठ दिवसांचे पंधरा झाले, मग पुढचं साल लागलं, बहात्तरचं, आणि पाऊस आलाच नाही. शहरभर टँकर फिरू लागले, पण ते यादीप्रमाणे फिरत होते. ज्या गल्लीत नळ आहे तिथं टँकर नाही. चुनाभट्टी गल्लीत नळ होता. मठाच्या विहिरीवर पहाटेपासून घागरींची रांग लागे, आणि माणूस दमला तर घागर रांग धरे, पण घागरीजवळ कुणीतरी बसावं लागे. आधी तिसऱ्या तासाला, मग पाचव्या, मग सातव्या तासाला महानंदा वर्गाच्या दारात उभी राहू लागली, ओल्या परकरानं. गुरुजी मुलांना कधी मारत नसत. हात उगारायची वेळ आली की ते खडू उचलत. त्यांनी तिला फळ्यासमोर बसवून वहीत दहा वेळा लिहायला लावलं, ‘मी उद्यापासून वेळेवर येईन.’ तिनं लिहिलं. नवव्या ओळीत ‘उद्यापासून’ चुकलं तेव्हा तिनं ते रबरानं पुसलं नाही, त्यांनी शिकवल्याप्रमाणे त्या शब्दावर एकच आडवी रेघ मारली आणि वर नीट लिहिलं. चूक झाकायची नाही, हा त्यांचा वर्गातला नियम होता. पुसलेलं दिसत नाही, म्हणून माणूस तीच चूक पुन्हा करतो. एक रेघ मारावी, खालचं वाचता आलं पाहिजे. पोरांच्या वह्या वर्षाअखेरीला त्या आडव्या रेघांनी भरलेल्या असत आणि तपासायला आलेल्या साहेबांना ते अभिमानानं दाखवत. त्या दिवाळीत महानंदाची आई शिवबाई नाव काढायला आली. शाळा सोडल्याचा दाखला गुरुजींनीच लिहिला. कारण : घरगुती अडचण. तेही त्याच अक्षरात.

दिवेलागणीच्या आत त्यांचे पाय आघाडीच्या कचेरीकडं वळले. धोंडीराम चार-पाच जणांत बसला होता. गुरुजींना बघून उठला, खुर्ची पुढं केली, पोरांना बाहेर घालवलं. गुरुजींनी चौदा नंबरचं सांगितलं. धोंडीराम ऐकत राहिला. त्याला काहीच नवं वाटलं नसावं. “मग ते कलम पुढच्या योजनेत टाका,” गुरुजी म्हणाले. “दुसऱ्या भागात. ‘नळास पाणी देण्यात येईल’ असं. तो भाग आज रात्री छापायचा आहे.”

“तिथंच तर अडलंय,” धोंडीराम म्हणाला. “झालेलं काम योजनेत घालता येत न्हाय. पालिकेत ते पूर्ण म्हणून लागलंय. परत मागाय गेलो की विचारतात, एकाच शाळंला नळ किती येळा देणार? मागच्या साली मी सवता विचारून आलोय गुरुजी. मला काय पोरं तहानलेली बघाय बरं वाटतंय व्हय?”

“मग पाणी कधी येणार?”

“काम झालं न्हाय असं ठरल्याशिवाय न्हाय. आणि झालं न्हाय असं कोन म्हणणार? कागदावर नाव एकाच माणसाचं हाय.” तो बोलताना आदरानंच बोलत होता, शाळेत उत्तर चुकलं की तो असाच खाली बघायचा. “तुमी लिहून द्या, की तवाचा दाखला खरा न्हवता. पुढचं मी बगतो. पण गुरुजी, चार लोकं विचारतील. आजवर तुमच्या नावावर कुणी बोट ठिवलेलं न्हाय. नीट विचार करा.” बाहेर पडताना तो दारापर्यंत आला, आणि चपला सरळ करून त्यानं त्यांच्यापुढं ठेवल्या.

घरी येऊन त्यांनी कागद घेतला. पहिलं वाक्य लगेच आलं. ‘शाळेच्या नळास पाणी कधीच आले नाही, दाखला मी खोटा दिला.’ त्यांनी ते वाचलं आणि ते त्यांना एखाद्या पहिलीतल्या पोरानं लिहिल्यासारखं उघडंनागडं वाटलं. कार्यालयीन लेखनाला हे शोभत नाही, असं मनाशी म्हणून त्यांनी दुसरा कागद घेतला. ‘खोटा’ काढून ‘परिस्थितीवश’ घातलं. ‘कधीच’ जड वाटलं. बायको ईरम्मा दोनदा “ऊटा माडरी”, जेवून घ्या, म्हणून गेली, तिसऱ्यांदा भाकरीवर ताट उपडं घालून दारात उभी राहिली. “एवढं काय लिहिताय?” “एक अर्ज.” “कुणाचा?” आयुष्यभर गल्लीतल्या लोकांचे अर्ज त्यांनी लिहिले होते, पेन्शनचे, रेशनचे, पोराच्या फीमाफीचे, आणि प्रत्येक वेळी माणसाचं म्हणणं थोडं बरं करून, थोडं मऊ करून. हात त्या वळणावर पडला होता. चौथ्या कागदावर जे वाक्य उरलं त्यात कुठंही खोच नव्हती. ‘शाळेच्या नळास नियमित पाणी नव्हते, तरी त्या वेळी दिलेला दाखला दुरुस्त समजावा.’ त्यांनी तो कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, जेवले, आणि आडवे झाल्यावर त्यांना त्या वाक्याच्या सफाईचं बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं याचीच मग भीती वाटत राहिली.

सकाळी ते महानंदाला घरी गाठायला निघाले होते. तिच्या आईच्या कानावर जायच्या आत सांगावं, एवढंच मनात धरलं होतं. गिरणीचा सातचा भोंगा झाला तेव्हा ते शाळेच्या कोपऱ्यावर होते आणि तिथूनच त्यांना दर्शनी भिंतीपुढं ओळीनं ठेवलेल्या सात घागरी दिसल्या. पहिली तोटीखाली होती. बायका कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. महानंदा मध्ये उभी राहून छापील कागद वाचून दाखवत होती, स्वल्पविरामाशी थांबून. तिच्या शेजारी धाकटी दाक्षायणी, कुणाचा तरी जुना शाळेचा झगा घालून, केसाला तेल लावून. वाचून झाल्यावर महानंदानं तोटी फिरवली. आत कुठंतरी खरवडल्यासारखा आवाज झाला आणि घागरीत गंजाची चिमूटभर धूळ पडली.

“कागदाखाली धर की घागर,” शिवबाई म्हणाली. “कागदातनं यील.”

“गुरुजींनी लिवलंय,” महानंदा म्हणाली.

“गुरुजी लिखे सो ठीक,” पलीकडच्या घरातली चांदबी म्हणाली, “पर नल कू पढ़ना आता क्या?” बायका हसल्या. पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात तिला गुरुजी दिसले आणि तिचं तोंड एकदम मोकळं झालं. “गुरुजी, सांगा की ह्यांना. सकाळच्याला येत नसंल, दुपारचं येतंय न्हवं?”

गुरुजी पुढं आले. वर्गात ते कधी मोठ्यानं बोलत नसत. हळू बोललं की मुलं ऐकायला पुढं वाकतात. आताही ते हळूच बोलले. “पाणी कधीच आलं नाही, बाळ. त्या दिवशी मागं टँकर लावला होता.”

“ते आमाला ठावं हाय,” शिवबाई म्हणाली. “पानी न्हाय हे आमाला कुनी सांगाय लागतंय व्हय गुरुजी?”

“पालिकेत कागद आहे, नळ चालू आहे म्हणून. तो माझा आहे. सही माझी आहे.”

शिवबाईनं पदर खोचला. “दुष्काळात आमी धा-बारा बाया गेलतो टँकर मागाय,” ती म्हणाली. “तितल्या मानसानं एक कागुद दावला. म्हनला, ही बगा सही, तुमच्याकडं नळ हाय. आमाला कुटं वाचता येतंय. मी म्हनलं, सही लई देखनी हाय.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. कुणीच हसलं नाही.

महानंदा हातातल्या कागदाकडं बघत होती. मग तिनं विचारलं, “मला उशीर का व्हायचा, तवा तुमाला ठावं व्हतं?”

“होतं,” गुरुजी म्हणाले.

त्यांनी खिशातला कागद काढला. “हे मी लिहून देतोय आता. मग पाणी मागता येईल.” तिनं तो घेतला आणि वाचला, मोठ्यानं, सवयीनं. पहिल्याच ओळीत अडली. “नियमित म्हंजे, गुरुजी?”

कुठल्याही पोरानं कुठलाही शब्द विचारावा आणि त्यांनी सांगितला नाही, असं छत्तीस वर्षांत झालं नव्हतं. “रोजच्या रोज,” ते म्हणाले. “ठरल्याप्रमाणे.”

“म्हंजे येकांद्या दिवशी यायचं?”

त्यांनी नुसती मान हलवली, या वेळी आडवी. महानंदानं हात पुढं केला. तिला काय हवं आहे ते कळायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. शाळेच्या भिंतीवर कागद धरून तिनं त्या शब्दावर एकच आडवी रेघ मारली, सरळ, खालचा शब्द वाचता येईल अशी. शाई फुंकली. कागदाची घडी घातली, नखानं घडीवरून दाबत, छापखान्यात घालते तशी, आणि कागद व पेन दोन्ही त्यांच्या हातात दिलं. “आठाला कामावर जायाचं हाय मला,” ती आईला म्हणाली, “दाक्षीला विहिरीवर बसीव,” आणि पाठ फिरवून चालू लागली. घागरी एकेक करून उचलल्या गेल्या. तोटी उघडीच होती. गुरुजींनी ती घट्ट बंद केली, नळ उघडा ठेवू नये असं मुलांना सांगत आल्याच्या सवयीनं, आणि मग आपण काय केलं ते कळून हात मागं घेतला.

मठाच्या विहिरीवर ऊन चढलं होतं. रांगेत अधूनमधून माणसं होती, बाकी घागरी. दाक्षायणी आपल्या घागरीजवळ उकिडवी बसली होती; गुरुजींना बघून उठली आणि शाळेत न गेलेली असूनही ऐकून पाठ केलेलं “नमस्ते गुरुजी” म्हणाली. शाळेची घंटा झाली. तिनं आवाजाकडं बघितलं, मग घागरीकडं. “तू जा,” गुरुजी म्हणाले. “पहिलीच्या वर्गात जाऊन बस. नाव मी नंतर घालतो. घागर मी धरतो.” ती खरं वाटेना म्हणून दोन पावलं उलटी चालली, आणि मग पळाली. गुरुजी रांगेत उभे राहिले. पुढच्या बाईनं आपली घागर थोडी पुढं ओढली, मागच्या बाईनं मागं. त्यांच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी राहिली.

आघाडीची जीप कर्णा वाजवत आली ती नऊच्या सुमाराला. पोरं उतरून पुस्तकं वाटू लागली. बायकांनी ती घेतली. कुणी कमरेला खोचली, कुणी घडी करून डोक्यावरच्या चुंबळीत घातली, उंची बरोबर यावी म्हणून. धोंडीराम पुढच्या सीटवरून उतरला आणि जागच्या जागी थांबला. “गुरुजी, तुमी हितं?” गुरुजींनी कागद दिला. सगळ्यांसमोर दिला. धोंडीरामनं वाचला, रेघेपाशी थांबला, रेघेखालचं वाचलं. “ही खाडाखोड,” तो हळू आवाजात म्हणाला. “असं घेत न्हाईत ते. स्वच्छ लिहून द्या की.”

“तसाच द्यायचा आहे.”

धोंडीरामनं कागद घडी करून खिशात ठेवला, पुस्तकांच्या यादीमागं, आणि म्हणाला, “बगू. निवडणूक होऊ द्या.” जीप पुढच्या गल्लीत वळली. कर्ण्यातून गुरुजींचीच वाक्यं येत होती, एकामागून एक, पायांवर उभी असलेली. बारा नंबर झालं, तेरा झालं. चौदाव्याला मागांच्या खडखडाटात आवाज बुडाला. ते ऐकायला मान वळवून उभे होते.

“गुरुजी,” मागची बाई म्हणाली, “घागर सरकवा की पुढं. रांग हलली.”